जुन्या पेट्रोल गाडीचं टायमिंग कसं लावायचं? इंजिन खोलण्याआधी एक तास द्या

गाडी ओढत नाही, चढाला दम टाकते, रेडिएटर उकळतो, पेट्रोल मात्र पाण्यासारखं पिते. अशी गाडी गॅरेजला नेली की बऱ्याचदा ऐकायला मिळतं, ‘इंजिनात दम राहिला नाही, रिबोअर करावं लागेल.’ कधी ते खरंही असतं. पण हीच सगळी लक्षणं इंजिन धडधाकट असताना, फक्त टायमिंग चुकल्यामुळेही दिसतात. रिबोअरला हजारो रुपये जातात आणि टायमिंग बघायला एक तास लागतो. म्हणून आधी टायमिंग बघा, मग इंजिन खोलायचा विचार करा.

टायमिंग म्हणजे काय, ते कशाने बिघडतं, साध्या बल्बने ते घरच्या घरी कसं लावायचं आणि कुठे हात घालायचा नाही, हे या लेखात क्रमाने दिलं आहे. लेख मोबाईलमध्ये ठेवा आणि बॉनेट उघडल्यावर एकेक पायरी वाचत काम करा.

कोणत्या गाड्यांसाठी?

ज्या पेट्रोल गाडीला डेल्को आहे, म्हणजे ज्यातून प्लगच्या जाड वायरी निघतात तो डबा आहे, त्या गाडीसाठी ही माहिती आहे. त्यात प्रामुख्याने या गाड्या येतात:

– महिंद्राची जुनी पेट्रोल जीप. महिंद्राने १९४७ पासून विलिज जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. तिचं चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन आजही काही ठिकाणी चालू आहे.
– पेट्रोल अँबेसेडर, १४८९ सीसी इंजिनवाली.
– प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली ‘फियाट’, १०८९ सीसी.
– कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आणि ओम्नी, तीन सिलिंडरच्या.

डिझेल गाडीला हे लागू नाही. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. तिथे पंपाचं टायमिंग असतं आणि ते वेगळं काम आहे. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांनाही हे लागू नाही. मारुती ८०० मध्ये २००० सालच्या आसपास एमपीएफआय इंजिन आलं. त्यात ठिणगीची वेळ कॉम्प्युटर ठरवतो. तिथे काही फिरवत बसू नका.

टायमिंग म्हणजे नेमकं काय?

चुलीत काडी लावली की लगेच जाळ होत नाही, थोडा वेळ लागतो. सिलिंडरमध्येही तसंच असतं. प्लगने ठिणगी टाकल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण पूर्ण पेटायला साधारण २ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो. आपल्याला हा वेळ काहीच वाटत नाही, पण इंजिनासाठी तो मोठा आहे.

हिशेब करून बघा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. एका फेऱ्यात ३६० डिग्री असतात. म्हणजे एका मिलिसेकंदात क्रँक १८ डिग्री फिरतो. पिस्टन अगदी वर पोचल्यावर ठिणगी टाकली, तर जाळ धरेपर्यंत पिस्टन बराच खाली गेलेला असतो. मग ढकलायचा जोर वाया जातो आणि पेटलेला गॅस सायलेन्सरकडे पळतो.

म्हणून पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी टाकतात. किती डिग्री आधी टाकायची, तेच टायमिंग. पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेला मेकॅनिक ‘टॉप’ म्हणतात. ‘टॉपच्या ५ डिग्री आधी’ म्हणजे क्रँकला टॉपवर यायला ५ डिग्री बाकी असताना ठिणगी.

ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडली तर टायमिंग ‘ॲडव्हान्स’ झालं. उशिरा पडली तर ‘रिटार्ड’ झालं.

इंजिन जोरात फिरतं तेव्हा ठिणगी आणखी आधी हवी असते. त्यासाठी डेल्कोच्या आत स्प्रिंग लावलेली दोन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकवतात. बऱ्याच डेल्कोंना बाहेरून एक चपटी डबी आणि बारीक नळीही असते. ते व्हॅक्यूम ॲडव्हान्स. आपण हाताने लावतो ते फक्त सुरुवातीचं टायमिंग. पुढचं काम डेल्को स्वतः करतो.

चुकलं तर काय दिसतं?

टायमिंग जास्त ॲडव्हान्स असेल तर:
– चढावर किंवा भरल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून टिकटिक, खडखड आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात.
– गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर अडखळतो, उलटा झटका बसल्यासारखा आवाज येतो.
– हँडल मारताना हँडल उलट फिरतं. यात मनगट किंवा अंगठा मोडू शकतो.
– बरेच दिवस असंच चालवलं तर पिस्टनला भोक पडतं किंवा हेड गॅस्केट जातं.

टायमिंग रिटार्ड असेल तर:
– गाडी सुस्त होते, पिकअप राहत नाही, वरच्या गिअरमध्ये चढ चढत नाही.
– इंजिन लवकर तापतं, सायलेन्सरचा पुढचा पाईप फार गरम होतो.
– ॲव्हरेज पडतं.
– सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो.

यातला रिटार्डचा त्रास जास्त फसवा असतो, कारण तो हळूहळू येतो. डेल्कोतल्या सीबी पॉइंटला फायबरची एक टाच असते. ती कॅमवर घासत राहते आणि झिजते. टाच झिजली की पॉइंटचा गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग आपोआप रिटार्ड होत जातं. रोज थोडं थोडं होत असल्यामुळे मालकाला कळत नाही. त्याला वाटतं, गाडी म्हातारी झाली.

लागणारं साहित्य

– डेल्कोच्या बोल्टला बसणारा पाना, स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना
– फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या. ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतं.
– १२ व्होल्टचा लहान बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. इंडिकेटरचा किंवा पार्किंगचा जुना बल्ब चालतो.
– पांढरा खडू किंवा थोडा पांढरा ऑइलपेंट
– बारीक पॉलिश पेपर, कोरडं फडकं

व्हिजिटिंग कार्डाने गॅप लावणं ही वाटेत अडकल्यावरची युक्ती आहे. घरी आल्यावर फिलर गेजनेच लावा.

सुरू करण्याआधी

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल आणि इंजिन थंड असू द्या. शर्टाच्या सैल बाह्या, उपरणं, ओढणी, गळ्यातली साखळी बाजूला ठेवा. जवळ बिडी-सिगारेट नको. प्लगच्या जाड वायरीत हजारो व्होल्ट असतात, त्यामुळे चालू इंजिनात त्यांना हात लावू नका. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने हे काम करूच नये.

एक गोष्ट विसरू नका. वायरी काढण्याआधी डेल्कोचा मोबाईलवर फोटो काढा. कोणती वायर कोणत्या भोकात होती हे नंतर आठवत नाही आणि दोन वायरी उलटसुलट झाल्या तर गाडी फटाके मारते. डेल्को आणि इंजिनाची जोडणी जिथे आहे तिथेही खडूने एक सरळ रेघ मारा. काही चुकलं तर निदान मूळ जागेवर परत येता येईल.

पायरी १ : प्लग बघा

सगळे प्लग काढा आणि क्रमाने ठेवा. प्लगचं टोक बरंच काही सांगतं. फिकट तपकिरी, विटकरी रंग असेल तर इंजिन ठीक जळतंय. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. तेलकट काळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हमधून ऑइल येतंय. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर इंजिन जास्त तापतंय. त्यामागे टायमिंग किंवा पेट्रोल कमी पडणं असू शकतं.

प्लग साफ करा आणि गॅप लावा. हरिकेन जीपला ३० थाऊ, म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर. अँबेसेडरला २५ थाऊ, म्हणजे ०.६४ मिलिमीटर. बाकी गाड्यांचा आकडा त्यांच्या पुस्तकात किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. प्लग इतक्यात परत बसवू नका. प्लग बाहेर असले की इंजिन हाताने सहज फिरतं.

पायरी २ : डेल्को कॅप, रोटर आणि पॉइंट

कॅपच्या क्लिपा किंवा स्क्रू काढून कॅप उचला. आत काळी केसासारखी रेघ दिसली तर कॅप तडकली आहे, बदला. मधला कार्बनचा तुकडा जागेवर आहे का, स्प्रिंगवर हलतो का, ते बघा. पावसाळ्यात गाडी मिसिंग मारते याचं कारण बऱ्याचदा कॅपच्या आतला ओलावा असतो. कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

आता सीबी पॉइंट बघा. दोन्ही तोंडं करडी आणि सपाट हवीत. एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा झाला असेल तर पॉलिश पेपर मारून तात्पुरतं चालेल, पण बदललेले बरे. नवीन पॉइंट थोड्याच दिवसांत जळत असतील तर दोष पॉइंटचा नाही, कंडेन्सरचा आहे. तो बदला.

पायरी ३ : पॉइंटचा गॅप आधी, टायमिंग नंतर

हा क्रम उलटा करायचा नाही. गॅप बदलला की टायमिंग बदलतं. गॅप वाढवला तर पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग ॲडव्हान्स होतं. कमी केला तर रिटार्ड. आधी टायमिंग लावून मग गॅपला हात लावला, तर पहिलं सगळं काम फुकट जातं.

इंजिन हाताने फिरवा. जीपला हँडलने फिरवता येतं. बाकी गाड्यांना पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून फिरवा. हे करताना चावी बंद हवी. पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या उंच कोपऱ्यावर आली की थांबा. तिथे पॉइंट सगळ्यात जास्त उघडलेला असतो. तिथेच गॅप मोजायचा.

– हरिकेन जीप : २० थाऊ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर
– अँबेसेडर, लुकासचा डेल्को : १४ ते १६ थाऊ, म्हणजे ०.३६ ते ०.४१ मिलिमीटर

पॉइंटचा स्क्रू थोडा सैल करून पॉइंट सरकवा. फिलर गेजची पट्टी किंचित घासत जायला हवी, अडकायला नको आणि मोकळीही सुटायला नको. स्क्रू घट्ट करा आणि पुन्हा मोजा, कारण घट्ट करताना गॅप हलतो. टाच घासते तिथे ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं आणि गाडी बंद पडते.

काही मारुती आणि नंतरच्या काही अँबेसेडरमध्ये पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डेल्को असतो. त्यात पॉइंट नसतात, त्यामुळे ही पायरी आणि बल्बची पायरी सोडा. त्याचं टायमिंग टायमिंग लाइटनेच बघायचं.

पायरी ४ : एक नंबरचा पिस्टन टॉपवर आणा

जीप, अँबेसेडर आणि पद्मिनीत रेडिएटरकडचा सिलिंडर म्हणजे एक नंबर. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवं बसवलेलं आहे. तिथे टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर.

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्या माणसाला इंजिन फिरवायला सांगा. पुलीच्या समोर उभं राहिलं तर इंजिन घड्याळाच्या काट्यासारखं फिरलं पाहिजे. अंगठ्यावर हवेचा दाब येऊन अंगठा बाहेर ढकलला जाऊ लागला की समजा, पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये वर येतोय. हे बघणं गरजेचं आहे, कारण पिस्टन प्रत्येक ठिणगीमागे दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. चुकीच्या वेळी टायमिंग लावलं तर गाडी सुरूच होणार नाही.

आता खूण शोधा. जीपमध्ये ती फ्लायव्हीलवर असते आणि बेलहाउसिंगच्या लहान खिडकीतून दिसते. अँबेसेडरमध्ये पुढच्या पुलीवर खाच आणि टायमिंग कव्हरवर टोकं असतात. चिखल-तेल पुसून खुणेवर खडू किंवा पांढरा रंग भरा.

हरिकेन जीपचं टायमिंग टॉपच्या ५ डिग्री आधी असतं. दुसऱ्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकातून किंवा स्टिकरवरूनच घ्या. ‘अंदाजे सगळ्यांना १०’ असं धरू नका.

हळूहळू फिरवत खूण टोकासमोर आणा. चुकून पुढे गेली तर थेट मागे आणून थांबू नका. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे येत खुणेवर थांबा. म्हणजे टायमिंग चेन आणि गिअरमधला ढिलेपणा मोजमापात येत नाही.

खूण पुसली असेल तर?

पुलीवर स्वतः खूण करता येते. पुलीचा व्यास मोजा, त्याला ३.१४ ने गुणा आणि ३६० ने भागा. तेवढे मिलिमीटर म्हणजे एक डिग्री. उदाहरणार्थ पुली १५० मिलिमीटरची असेल तर घेर ४७१ मिलिमीटर होतो आणि एक डिग्री म्हणजे १.३ मिलिमीटर. मग ५ डिग्री साडेसहा मिलिमीटरला आणि १० डिग्री १३ मिलिमीटरला येते. टॉपच्या खुणेपासून पुली ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला हे अंतर मोजा. म्हणजे ही खूण टॉपच्या खुणेच्या आधी टोकासमोर येईल.

पायरी ५ : बल्ब लावून टायमिंग

डेल्को कॅप काढलेलीच असू द्या. कॉइलची मधली जाड वायर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला पक्की टेकवून बांधा. नाहीतर चावी चालू असताना भलतीकडे ठिणगी पडेल, आणि उघड्या प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

१. बल्बची एक वायर कॉइलमधून डेल्कोकडे जाणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला लावा. दुसरी वायर बॉडीला अर्थ करा.

२. चावी चालू करा, इंजिन नाही. पॉइंट मिटलेला असेल तर बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. म्हणजे बल्ब पेटतो तोच क्षण ठिणगीचा.

३. डेल्कोच्या बुडाशी असलेला क्लँपचा बोल्ट सैल करा. डेल्को हाताने थोडं जोर देऊन फिरेल इतकाच.

४. रोटर कुठल्या दिशेला फिरतो ते आधी बघून ठेवा. डेल्कोचा डबा रोटरच्या दिशेने थोडा फिरवा, बल्ब विझेल. आता रोटरच्या उलट दिशेने अगदी सावकाश फिरवा. बल्ब पेटला त्याच क्षणी थांबा.

५. बोल्ट घट्ट करा. चावी बंद करा.

६. तपासणी करा. इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवा, चावी चालू करा आणि शेवटचा टप्पा सावकाश आणा. खूण टोकासमोर येताना बल्ब पेटला तर टायमिंग बसलं. आधी पेटला तर ॲडव्हान्स आहे, नंतर पेटला तर रिटार्ड आहे.

लक्षात ठेवायचं सूत्र एवढंच : डबा रोटरच्या उलट फिरवला की ॲडव्हान्स, रोटरच्या दिशेने फिरवला की रिटार्ड. आणि डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून डबा १ डिग्री हलवला की इंजिनाचं टायमिंग २ डिग्री हलतं. केसभर हलवायची गोष्ट आहे, मूठभर नाही.

चावी चालू ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेला असेल तर कॉइल तापून जळते.

पायरी ६ : वायरी लावणं

प्लग बसवा, रोटर आणि कॅप लावा, कॉइलची वायर जागेवर घाला. एक नंबरच्या कॉम्प्रेशनला रोटरचं तोंड ज्या भोकाकडे आहे, ती एक नंबरची वायर. तिथून रोटरच्या दिशेने जात पुढच्या वायरी या क्रमाने:

– जीप, अँबेसेडर, पद्मिनी : १-३-४-२
– मारुती ८००, ओम्नी : १-३-२

काढलेल्या फोटोशी ताडून बघा.

टायमिंग लाइट असेल तर

तालुक्याच्या गॅरेजमध्ये टायमिंग लाइट मिळाला तर आणखी चांगलं. इंजिन गरम करा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि गाडी स्लोवर ठेवा. एक नंबरच्या वायरीला क्लिप लावून खुणेवर प्रकाश टाका. खूण एका जागी थांबल्यासारखी दिसते. मग रेस वाढवा. खूण सरकली पाहिजे. ती सरकलीच नाही तर डेल्कोतली वजनं गंजून अडकली आहेत. अशी गाडी स्लोवर छान चालते, पण रस्त्यावर ओढत नाही.

मोठा धोका : या लाइटच्या उजेडात फिरणारा पंखाही थांबलेला दिसू शकतो. तो फिरतोच आहे. हात आणि वायरी पंख्यापासून लांब ठेवा.

शेवटची परीक्षा रस्त्यावर

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ओळखीच्या चढावर जा. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा आणि खिडकी उघडी ठेवून ऐका. खडखड आली तर डबा किंचित रिटार्डकडे आणा. आवाज नाही आणि ओढ चांगली आहे, तर हात लावू नका. ‘अजून थोडं ॲडव्हान्स केलं तर अजून पळेल’ या हव्यासात पिस्टन जातात. नॉकिंगचा आवाज अंगावर काढून गाडी चालवू नका.

टायमिंग पुस्तकाप्रमाणे बसलं आणि तरी खडखड येते, तर पेट्रोलकडे बघा. रॉकेल मिसळलेलं पेट्रोल हमखास नॉकिंग करतं. कार्बन साचलेलं इंजिनही करतं.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने नॉकिंग वाढत नाही, उलट इथेनॉल नॉकिंगला आडवंच येतं. जुन्या गाडीत त्याचा त्रास दुसरीकडे होतो. मिश्रण पातळ होतं आणि जुने रबरी पाईप, कार्ब्युरेटरचे वायसर खराब होतात. पाईपांना भेगा दिसल्या तर लगेच बदला, कारण गळकं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर त्या गॅसला वेगळं टायमिंग मानवतं. ते किट बसवणाऱ्याकडूनच लावून घ्या.

हँडल मारण्याची पद्धत

जीपवाल्यांनी हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवावं. हँडलला अंगठा गुंडाळायचा नाही. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोकळा सुटतो. टायमिंग ॲडव्हान्स असल्याचा संशय असेल तर हँडल मारूच नका.

कधी ओळखायचं की दोष टायमिंगचा नाही?

टायमिंग लावलं, प्लग-पॉइंट ठीक आहेत आणि तरी गाडी ओढत नाही, तर पुढच्या गोष्टी या क्रमाने बघा:

– एअर फिल्टर धुळीने भरलाय का?
– ब्रेक धरून राहतात का? सपाट रस्त्यावर गाडी हाताने ढकलून बघा.
– कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा, पंपाचा पुरवठा कमी?
– क्लच घसरतोय का? रेस वाढते पण वेग वाढत नाही, असं होतं का?
– मारुतीत टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का? तसं असेल तर डेल्को कितीही फिरवला तरी गाडी सुधारत नाही.
– शेवटी कॉम्प्रेशन. गेज लावून प्रत्येक सिलिंडर मोजून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार कमी दाखवत असेल, किंवा सगळेच कमी असतील आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तरच इंजिन खोलायची गोष्ट येते.

रिबोअर सांगणाऱ्या मेकॅनिकला एकच विचारा : ‘कॉम्प्रेशन मोजलं का? किती आलं?’ आकडा न सांगता इंजिन खोलायला निघालेल्या माणसाच्या हाती गाडी देऊ नका.

किती दिवसांनी बघायचं?

पॉइंटचा गॅप आणि टायमिंग साधारण दर ५ हजार किलोमीटरला बघा. गाडी कमी चालत असेल तर वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे ५-५ वर्षांसाठी नव्याने करावी लागते. त्या तपासणीला आणि पीयूसीला जाण्याआधी प्लग, पॉइंट, टायमिंग आणि मग कार्ब्युरेटर, या क्रमाने गाडी लावून घ्या.

प्रत्येक वेळी काय केलं ते एका वहीत लिहून ठेवा : तारीख, किलोमीटर, पॉइंटचा गॅप, टायमिंग, बदललेले पार्ट. गाडी पुढच्या वेळी सुस्त वाटली की वही उघडा. शेवटचा गॅप कधी लावला ते दिसलं, की निम्मं निदान तिथेच होतं.